दुधात चिमूटभर मीठ

नाशिकच्या माणसाला आपल्याला थंडीतलं कळतं, असं मनापासून वाटत असतं. त्याला कारण निफाड. दर हिवाळ्यात एकदा तरी निफाडचा पारा चार-पाच अंशांवर घसरतो, द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात, वर्तमानपत्रात गोठलेल्या दवाचा फोटो येतो आणि तिथून पस्तीस-चाळीस किलोमीटरवरच्या फ्लॅटमध्ये कानटोपी घालून बसलेला नाशिककर ती सगळी थंडी स्वतःच्या नावावर चढवून घेतो. माझी आई या पंथातली. सासूबाई रत्नागिरीच्या. त्यांच्याकडे थंडी पडली म्हणजे पंखा पाचावरून दोनावर येतो. पण अनुभव नाही म्हणून मत राखून ठेवायचं, ही पद्धत कोकणात नाही.

या दोघी एकाच हिवाळ्यात आमच्याकडे, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसनला येऊन दाखल झाल्या. शहाणी माणसं इथे उन्हाळ्यात येतात. पण उन्हाळ्यात सासूबाईंना आंबा सोडवत नाही आणि आईला कुरडया. राहता राहिला हिवाळा. मामंजी मोहोर राखायला रत्नागिरीतच थांबले. बाबा आले. दोघींनाही मी आईच म्हणते, त्यामुळे हाक मारली की एक तर दोघी येतात, नाही तर ‘तुम्हालाच बोलावतेय’ असं एकमेकींना सांगत एकही येत नाही. परिस्थितीचा अंदाज घेऊन नवऱ्याने आपलं ऑफिस तळघरात हलवलं.

बाबांनी खिडकीबाहेरच्या तापमापकाचा ताबा घेतला. इथले आकडे फॅरनहाइटमध्ये. ते वाचायचे, त्यातून बत्तीस वजा करायचे, पाचाने गुणायचं, नवाने भागायचं आणि मग निकाल खणखणीत आवाजात घरभर जाहीर करायचा, हा त्यांचा सकाळचा उद्योग. २०१९च्या जानेवारीअखेर इथे उणे २६ फॅरनहाइट झालं होतं, म्हणजे आपले उणे बत्तीस, हे त्यांनी कुठूनसं वाचून काढलं होतं. उणे चाळीस होण्याची ते वाट पाहत होते. तिथे फॅरनहाइट आणि सेल्सिअस एकच आकडा दाखवतात. एक दिवस तरी गणित करावं लागू नये, एवढीच त्यांची माफक इच्छा होती.

असल्या थंडीत मोठ्यांना चहा असतो. आईच्या गणतीत चहा हे पेय नसून वेळ मोजण्याचं साधन आहे. प्रश्न उरतो तो लेकीचा. आठ वर्षांच्या मुलीला चहा द्यायचा नाही, यावर दोन्ही आज्यांचं एकमत होतं. (अशी एकमतं मी जपून वापरते.) हळदीचं दूध लेक पीत नाही. तिला हॉट चॉकलेट हवं असतं, आणि तेही शाळेतल्या इतर मुलांच्या घरी असतं तसलं, पुडी फोडून गरम पाण्यात ढवळलेलं. रत्नागिरीच्या आजीला दूध सोडून पाण्यात काही ढवळून मुलाला देणं म्हणजे सावत्रपणाचं लक्षण वाटलं. नाशिकच्या आजीला पुडीतलं काहीही म्हणजे आळसाचं लक्षण वाटलं. दोष निराळे होते, आरोपी मात्र एकच होती आणि ती मी होते.

अशात नाताळच्या आदल्या आठवड्यात समोरच्या घरातल्या बाई आल्या. निवृत्त शिक्षिका. गुडघ्यापर्यंत बूट, आणि हातात काचेची बरणी. बरणीच्या झाकणावर चौकटीचं कापड ताणून लाल फितीने बांधलेलं.

“दादरा बांधलाय बघ,” आई म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच या देशाविषयी थोडा आदर होता.

आत लोणचं नव्हतं. घरी केलेलं कोको मिक्स होतं. तळाशी दुधाची पावडर, तिच्यावर कोकोचा तपकिरी थर, मग पिठीसाखर, मग चॉकलेटचे बारीक दाणे आणि सगळ्यांच्या डोक्यावर पांढरे मऊ मार्शमेलो. थर पट्टीने आखल्यासारखे. फितीत ओवलेल्या कार्डावर शिक्षिकेच्या अक्षरात लिहिलेलं: सगळं एकत्र करा, तीन मोठे चमचे घ्या, कपभर गरम पाणी किंवा दूध, ढवळा. इकडे नाताळच्या सुमारास अशा बरण्या शेजारीपाजारी फिरत असतात. बाई गेल्यावर ती टेबलाच्या मधोमध ठेवली गेली आणि तपासणी सुरू झाली.

“आणि हे त्यांनी घरी केलं?” आईने विचारलं.

“हो.”

“यात केलं काय? तीन पाकिटं आणली आणि बरणीत ओतली. भाजणं नाही, कुटणं नाही, दळणं नाही.”

आईच्या घटनेत ‘घरचं’ या पदाला पोचण्यासाठी पदार्थाला निदान एकदा तरी कढईतून जावं लागतं. भाजणी घरची, कारण ती भाजताना हात दुखतो. मेतकूट घरचं, कारण त्याच्या वासाने चौथ्या घरच्या माणसाला शिंका येतात. नुसतं कालवलेलं ते घरचं नव्हे, ते फक्त घरात केलेलं.

सासूबाईंनी बरणी उजेडात फिरवली. “भरणंसुद्धा यावं लागतं, विहीणबाई. एक थर दुसऱ्यात सांडलेला नाही. आपल्याला जमेल का?”

हा ‘आपल्याला’ कोणाला उद्देशून होता, हे स्वयंपाकघरातल्या सर्वांना कळलं. बाबा तापमापक पाहायला गेले.

मार्शमेलोची चौकशी सर्वांत थोडी चालली. ते कशाचे असतात, एवढंच आईने विचारलं. साखर, मक्याचा पाक आणि जिलेटिन, असं मी सांगितलं. जिलेटिन म्हणजे काय, हे सांगताना मी ‘कातडी’ आणि ‘हाडं’ या शब्दांवरून शक्य तितक्या वेगाने गेले, पण आई वेगात बोललेलंच नीट ऐकते. तिने डोळे मिटले. लेकीने “मी तर बालवाडीपासून खाते,” अशी उपयुक्त माहिती पुरवली. सासूबाई मासे खाणाऱ्या, पण त्यांनाही ते रुचलं नाही. मासे कसे, ताटात समोरून येतात. हे गोड बनून मागच्या दाराने येणं त्यांना पटेना. सगळे मार्शमेलो चिमट्याने एकेक उचलून बाहेर खारीला घालण्यात आले. खारसुद्धा बहुतांशी शाकाहारीच, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

उरलेलं मिश्रण मात्र चांगलं होतं. आईने एक कप ‘चव बघायला’ घेतला आणि दुसरा ‘पहिल्यात नीट कळलं नाही’ म्हणून.

इथे थोडं आमच्या राज्याविषयी सांगायला हवं. विस्कॉन्सिन म्हणजे गाई आणि चीज, एवढंच लोकांना ठाऊक असतं. पण गरम पाण्यात ढवळून पिण्याच्या पावडरींचंही हे एक माहेरघर आहे. ज्या हॉर्लिक्सवर आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांच्या परीक्षा पार पडल्या, ते इथल्या रसीन गावचं. हॉर्लिक बंधू मूळचे इंग्लंडचे, पण पाण्यात विरघळणाऱ्या माल्टयुक्त दूध पावडरीचं पेटंट त्यांनी इथे राहून घेतलं, १८८३ साली. हे कळल्यावर सासूबाईंनी खिडकीबाहेरच्या बर्फाकडे एकदम माहेरच्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. त्यांच्या थोरल्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दहावीपर्यंत रोज दोन कप पाजलेले. त्याचा उपयोग काय झाला, असं आईने विचारलं नाही. ती तळघराच्या जिन्याकडे फक्त पाहत राहिली.

दुसरी पावडर स्विस मिस. अमेरिकेत पुडीतला कोको म्हटलं की हेच नाव पुढे येतं. नाव स्वित्झर्लंडचं असलं तरी जन्म इथल्या मेनोमनी गावातला. चार्ल्स सान्ना नावाचे गृहस्थ, घरचा दूधप्रक्रियेचा धंदा. कोरियातल्या युद्धाच्या काळात ते अमेरिकन सैन्यासाठी कॉफीत घालायच्या क्रीमची पावडर करत. माल कमी पडला तर दंड, म्हणून जरा जास्तच करून ठेवत. आणि जास्तीचा टिकेना. मग घरच्या स्वयंपाकघरात त्यांनी त्या उरलेल्या पावडरीत साखर, कोको आणि व्हॅनिला घालून पाहिलं. चव घ्यायला स्वतःची पोरं. जमलं. आधी ते ‘ब्राउन स्विस’ या गाईच्या जातीच्या नावाने विमान कंपन्यांना विकलं जाई; प्रवासी पुड्या खिशात घालून घरी न्यायला लागले, तेव्हा दुकानात आलं.

हे ऐकताना बाबा एकदम मोकळे झाले. विमानातल्या साखरेच्या, मिठाच्या, मिरपुडीच्या पुड्या ते गेली कित्येक वर्षं खिशात घालतात आणि आई त्यावरून त्यांना बोलते. “बघ,” ते म्हणाले, “उद्योग असे उभे राहतात.”

मला मात्र या गोष्टीतला वेगळाच भाग आवडतो. उरलेल्याचं काहीतरी करायचं म्हणून एका माणसाने ओट्याशी उभं राहून, पोरांना चाखायला लावून जे केलं, ते आज पुडीतलं. आणि दुकानातून तीन पाकिटं आणून बरणीत ओतलं, ते घरचं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “उरलेल्याचं केलं ना? मग ते घरचंच.” घटनेत तिथल्या तिथे दुरुस्ती झाली.

बरणी दहा-बारा जणांना पुरण्याइतकी होती. ती रिकामी झाली आणि खरा पेच पडला. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. या कलमावर नाशिक आणि रत्नागिरी यांत मतभेद असणं शक्यच नव्हतं. साखर घालून पाठवावी, असं मी सुचवलं. दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय आजतागायत काढलेला नाही. त्यांनी कोको दिला, आपण कोकोच द्यायचा, पण ‘केलेला’ द्यायचा, असं ठरलं.

इंटरनेटवरच्या कुठल्याही कृतीत प्रमाण साधारण एकच असतं: दोन कप दुधाची पावडर, एक कप पिठीसाखर, पाऊण कप कोको, चमचाभर मक्याचं पीठ, चिमूटभर मीठ. लेकीने हे मोठ्याने वाचून दाखवलं आणि प्रत्येक ओळीला एकेक हरकत आली.

दुधाची पावडर इथे बिनसायीची मिळते. “दुधातलं दूध काढून घेतात आणि उरलेलं विकतात,” आई म्हणाली. शेवटी देशी दुकानातून गुलाबजामसाठी आणून ठेवलेली साईच्या दुधाची पावडर बाहेर निघाली. पिठीसाखर विकतची घ्यायला आईचा विरोध, कारण तिच्यात गुठळी होऊ नये म्हणून आधीच स्टार्च मिसळलेला असतो. साखर मिक्सरला फिरवून घेतली. झाकण लगेच उघडायचं नसतं हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे लगेचच उघडतात. चष्मे पुसून झाल्यावर आम्ही कोकोकडे वळलो.

माझ्याकडे कोकोचे दोन डबे होते. एक फिकट, जरा आंबटसर. दुसरा गडद, सौम्य. आईला फरक हवा होता म्हणून सांगितला. कोकोच्या बीमध्ये निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. १८२८ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या व्हॅन हाउटेन बापलेकांपैकी बापाच्या नावावर एका दाबयंत्राचं पेटंट झालं. त्यात बियांचा लगदा दाबला की बरंचसं कोको बटर बाहेर येतं आणि मागे एक घट्ट वडी राहते. ती दळली की झाली कोको पावडर. पुढे मुलाने तिच्यावर अल्कलीची प्रक्रिया करून आंबटपणा कमी केला आणि रंग गडद केला. तो हा दुसरा डबा.

आई विचारात पडली. “म्हणजे तेल काढून घेतल्यावर उरते ती.”

“हो.”

“म्हणजे पेंड.”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. पेंडच ती. सरकीची असते तशी कोकोची. आमच्या आजोळी गोठ्यात जी पोत्याने यायची आणि म्हशींना पाण्यात भिजवून घालायची, तिच्याच जातीची वस्तू इथे नक्षीदार डब्यातून येते आणि गरम पाण्यात भिजवून माणसं पितात. विस्कॉन्सिनमध्ये तिला गाईचं नाव का दिलं होतं, ते आता आम्हाला नीट पटलं. बाबांनी तर त्या दिवसापासून कप हातात घेताना “आणा पेंड” असंच म्हणायला सुरुवात केली. लेकीने तो शब्द शाळेत नेला आहे.

मक्याच्या पिठाच्या ओळीवर सासूबाईंनी हात वर केला. दाटपणाच हवा ना? मग त्यांनी बॅगेतून एक पिशवी काढली. नाचणीचं सत्त्व. नाचणी भिजवून, मोड आणून, वाटून, फडक्यातून गाळून, तळाशी बसलेलं पांढुरकं पीठ उन्हात वाळवलेलं. हे त्यांनी नातीसाठी रत्नागिरीहून आणलं होतं आणि आल्यापासून ते खपवण्याची संधी शोधत होत्या. याला भिजवणं होतं, वाटणं होतं, गाळणं होतं, वाळवणं होतं. ‘घरचं’ या पदासाठी लागणारे सगळे दाखले एका पिशवीत. आई काही बोलू शकली नाही. ती उठली आणि जायफळ घेऊन आली.

जायफळ ही नाशिकची बाजू. आमच्याकडे कॉफीत जायफळ घालतात. इतकं की कित्येक वर्षं मला जायफळाच्या वासालाच कॉफीचा वास म्हणतात असं वाटायचं. आईने किसणीवर ते उगाळल्यासारखं हळूहळू किसलं. किसताना आतली तपकिरी-पांढरी नक्षी दिसते, ती ती लेकीला दाखवत होती. “एवढंच,” ती म्हणाली, “जास्त झालं की झोप येते.” बाबा म्हणाले, “मग जास्तच घाल.” मोकळं सोडलं असतं तर सुंठ, वेलदोडे, केशर यांचीही भरती झाली असती, पण ‘मग तो मसाला दुधाचा मसाला होईल’ असं लेकच म्हणाली. आठ वर्षांच्या मुलीकडून एवढी शिस्त अपेक्षित नव्हती.

आणि मग मीठ.

“दुधात मीठ?” सासूबाई म्हणाल्या. “अंगावर कोड येतं.”

दूध आणि मीठ हा विरुद्धाहार, हे आईलाही लहानपणापासून शिकवलेलं. एरवी तिने हेच वाक्य आधी म्हटलं असतं. पण ते सासूबाई म्हणून बसल्या होत्या. तिला दुसऱ्या बाजूला उभं राहणं भाग होतं. “पुरणात नाही का घालत आपण चिमूटभर? शिऱ्यात?”

“पुरणात दूध नसतं.”

“शिऱ्यात असतं.”

“आमच्या शिऱ्यात मीठ नसतं.”

मी मध्ये पडून सांगितलं की मिठाचा उपयोग खारट करायला नसून कडू दबवायला असतो. मिठातला सोडियम जिभेला होणारी कडवटपणाची जाणीव कमी करतो, म्हणून साखर वाढवावी लागत नाही. दोघींनी ते ऐकून घेतलं. विज्ञान बोलणाऱ्या मुलीचं किंवा सुनेचं ऐकून घ्यायचं असतं, ते मानायचं नसतं. तोडगा बाबांनी काढला. “सैंधव घाला.” दोघींचे चेहरे एकदम निवळले. सैंधव उपासाला चालतं, सैंधव औषधात चालतं. सैंधव म्हणजे काही मीठ नव्हे! रसायनशास्त्राला यात काय म्हणायचं आहे, ते कोणी विचारलं नाही. चिमूट पडली.

कामगिरी म्हणून बाबांना चाळणी मिळाली. हे काम दिसतं तसं फुटकळ नाही. नुसत्या कोकोच्या ढिगावर गरम पाणी ओतलं की त्याच्या गोळ्या होतात. वरचा थर भिजून चिकट होतो आणि आतल्या कोरड्या पुडीपर्यंत पाण्याला पोचूच देत नाही. त्यात कोकोत उरलेला स्निग्धांश पाणी झिडकारत असतो तो वेगळाच. कारखान्यात यावर लेसिथिन वापरतात. घरात साखर वापरायची. साखरेचे कण कोकोच्या कणांमध्ये शिरून त्यांना एकमेकांपासून लांब ठेवतात, आणि मग पाणी सगळ्यांपर्यंत पोचतं. मिक्स करण्याचं खरं कारण हे. तरीही पिताना आधी दोन चमचे पाण्यात घोटून घेतलं, की काम आणखी सोपं. बाबांनी सगळं मिश्रण चाळलं, मग पुन्हा चाळलं, मग चाळणीत उरलेल्या चिमूटभर भुश्शाची स्वतंत्र चौकशी केली. पेन्शनीत गेलेल्या माणसाच्या हाती चाळणी लागली, की ती सुटत नाही.

नाचणीचं सत्त्व असल्यामुळे हे मिश्रण नुसतं ढवळून भागत नाही, दोन-तीन मिनिटं उकळावं लागतं. नाही तर पिठूळ लागतं. त्याने कप दाट होतो, इतका की चमचा क्षणभर विचार करून मग बुडतो. लेकीसाठी ते गरम पेय सासूबाई पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात, हात वर नेत, धार लांबवत ओततात. त्याने निवतंही आणि फेसही येतो. मी त्यांना संगणकावर एक चित्र दाखवलं. प्रिन्स्टनच्या संग्रहालयात सातव्या-आठव्या शतकातलं एक माया भांडं आहे. त्यावर एक बाई उभी आहे आणि उंचावरून एका भांड्यातून खालच्या भांड्यात चॉकलेट ओतते आहे. फेस यावा म्हणून. सासूबाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं. “हात फार वर धरलाय हिने,” त्या म्हणाल्या. “सांडेल.”

जानेवारीत संकष्टी आली. बाहेर बाबांचे उणे अठरा. आईचा उपास चंद्रोदयापर्यंत, आणि मॅडिसनच्या आकाशात चंद्र दिसायला आधी आकाश दिसावं लागतं. बाबांनी फोनवर मॅडिसनची वेळ काढून दिली, ती आईला पटली नाही. आईने कालनिर्णयमधली नाशिकची वेळ सांगितली, ती चंद्राला पटली नसती. संध्याकाळी तिला काहीतरी गरम हवं होतं. कोको चालतो का?

नाचणी असलेला चालत नाही, हे उघड होतं. शिंगाड्याचं पीठ घालून वेगळा डबा करता आला असता. पण मुळात कोको उपासाचा की बिनउपासाचा? शास्त्रात नाही, कालनिर्णयमध्ये नाही, आईच्या आईने काही सांगून ठेवलेलं नाही. मी पुस्तकातलं काढलं. या प्रश्नावर स्पॅनिश लोकांनी आधीच डोकं फोडून घेतलेलं आहे. मेक्सिकोतून चॉकलेट युरोपात गेल्यावर ख्रिस्ती उपासाला ते चालतं का, यावर वाद पेटला. १६३६ साली माद्रिदमध्ये अंतोनियो दे लेओन पिनेलो नावाच्या विद्वानाने एवढ्याच विषयावर अख्खं पुस्तक छापलं. पुढे त्याच शतकात ब्रांकाच्चो नावाच्या कार्डिनलनी निवाडा दिला की ते पातळ आहे, पातळाने उपास मोडत नाही.

“त्यांचं त्यांच्यापाशी,” आई म्हणाली. “साबुदाण्याबद्दल काय म्हणाले?”

इथे मला एक फार बळकट मुद्दा सापडला. मी तिचं उपासाचं ताट मांडलं. बटाटा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणे तिकडचेच. रताळं तिकडचं. मिरची मेक्सिकोची. आपल्याकडे साबुदाणा होतो तो कसाव्याच्या कंदापासून, आणि कसावाही दक्षिण अमेरिकेतला. राजगिरा तर अ‍ॅझ्टेक लोकांच्या देवळातला. ते त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करत. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी आपल्याकडे यातलं काही नव्हतं, आणि आज गहू-तांदूळ सोडून आपण जे उपासाला चाटूनपुसून खातो, ते बहुतेक सगळं कोकोच्या गल्लीतलं आहे. शेजारी सगळे पंगतीला आणि कोकोच तेवढा बाहेर उभा, हा अन्याय नाही का?

आई बराच वेळ काही बोलली नाही. सासूबाईंनी हळूच विचारलं, “वरी कुठली?” वरी कुठली याचं उत्तर मला नीट देता आलं नाही, आणि त्या फटीतून आई निसटली असती, पण तिला कोको हवा होता. “राजगिरा चालतो म्हटल्यावर चालायला हरकत नाही,” असा निर्णय झाला. शिंगाड्याचं पीठ, सैंधव, घरची साखर. जायफळ नाही, ते उपासाला का नाही, हे तिने सांगितलं नाही. आता आमच्या फडताळात दोन डबे आहेत. एकावर माझ्या लेकीने ‘कोको’ लिहिलंय आणि दुसऱ्यावर ‘कोको (उपास)’.

समोरच्या बाईंची बरणी गेली ती दादरा बांधूनच. थर मात्र सरळ आले नाहीत. नाचणीच्या सत्त्वाने पहिल्याच टपलीला कोकोत बस्तान मांडलं आणि आईने ‘एवीतेवी मिसळायचंच आहे’ असा पवित्रा घेतला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त फीत सोडून पुन्हा बांधली.

चार दिवसांनी बाई अंगणातला बर्फ उपसता उपसता फावडं टेकवून आमच्या दाराशी आल्या. यात काय काय घातलंय? त्यांच्या घरी आलेल्या पाहुण्यांनाही हवं होतं. आई म्हणाली, “नटमेग.” सासूबाई म्हणाल्या, “नाचणी.” बाबा मागून म्हणाले, “दोनदा चाळलंय.” बाईंनी तिघांकडे पाहून मान डोलवली आणि एक कोरं कार्ड माझ्या हातात दिलं. लिहून दे, म्हणाल्या.

कृती लिहिणं सोपं नव्हतं. जायफळ किती? “वास येईल इतकं.” सत्त्व किती? सासूबाईंनी अंगठ्याने करंगळीचं दुसरं पेर दाखवलं. मीठ लिहायचं का? सैंधव लिही. सैंधवाला इंग्रजीत मीठच म्हणतात, असं सांगितल्यावर पुन्हा एकदा घरात शांतता पसरली, आणि शेवटी ती ओळ ‘ऐच्छिक’ या वर्गात गेली. शेवटची ओळ बाबांनी स्वतः, बँकेत असतानाच्या वळणदार अक्षरात लिहिली: दोनदा चाळून घ्यावे. ‘दोनदा’खाली रेघ.

बाईंनी बरणी परत पाठवली ती त्यांच्या परसातल्या रासबेरीच्या मुरंब्याने भरून. ही प्रथा इथेही आहे, की आमच्याकडूनच लागण झाली, कोण जाणे. सोबत एक अडचण कळवली होती: त्यांच्याकडे एवढ्या बारीक जाळीची चाळणी नाही. बाबांनी आपली चाळणी क्षणभर छातीशी धरली आणि मग दिली. ती परत करताना रिकामी द्यायची नाही, हा नियम बाईंना एव्हाना पक्का ठाऊक आहे. चाळणीत काय भरून आणावं, या विचारात त्या सध्या आहेत.